मोजलेल्या धोक्याची भीती

बारावीचा आणि पाठोपाठ नीटचा निकाल लागला की उल्हासनगरच्या कॅम्प ४ मध्ये घरोघरी एकच हिशोब सुरू होतो. एमबीबीएसला गुण कमी पडले, आता पुढे काय? फार्मसी, फिजिओथेरपी, नर्सिंग, डीएमएलटी अशी नावे निघतात आणि त्यांवर फारसा वाद होत नाही. पण घरातल्या मुलीने न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजी, म्हणजे किरणोत्सारी द्रव्ये शरीरात देऊन तपासण्या आणि उपचार करण्याचे तंत्र, शिकायचे म्हटले की घरातले बोलणेच बदलते. मराठा सेक्शनमधल्या मराठी घरात आणि लालचक्कीकडच्या सिंधी घरात बोली वेगळी, आक्षेप मात्र तेच. हे आक्षेप अडाणीपणाचे म्हणून झटकून टाकावेत असे मला वाटत नाही. ते मायेपोटी येतात आणि त्यांत थोडे तथ्यही आहे. म्हणूनच त्यांना नीट उत्तर द्यायला हवे.

पूर्वपक्ष आधी पुरता मांडतो. पहिला आक्षेप शरीराचा. किरणोत्सर्गात रोज काम केले की रक्त बिघडते, केस गळतात, कॅन्सर होतो, मूलबाळ होत नाही. मुलीचे तर लग्नच अडते. दुसरा प्रतिष्ठेचा. शेवटी हे टेक्निशियनचे काम. रुग्णाला टेबलावर झोपवायचे, बटण दाबायचे, चित्र डॉक्टरकडे द्यायचे. तिसरा व्यवहाराचा. एवढ्यासाठी विद्यापीठात चार-पाच वर्षे कशाला? वर्षभराचे सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था आहेत, बाकीचे कुणाच्या तरी हाताखाली राहून शिकता येते. हे तिन्ही आक्षेप बहुधा एकाच माणसाच्या तोंडून ऐकू येतात आणि तिथेच त्यांची पहिली अडचण आहे. काम जर इतके भयंकर असेल, तर ते वर्षभराच्या सर्टिफिकेटवर कसे सोपवता येईल? आणि ते जर नुसते बटण दाबणे असेल, तर त्यात जिवाला एवढा धोका कुठून आला? एकाच कामाची भीतीही बाळगायची आणि त्याला कमीही लेखायचे, हे तर्काला धरून नाही.

आता एकेकाचे उत्तर. शरीराच्या आक्षेपाला सर्वांत जास्त जागा देतो, कारण मुलींचे अर्ज तिथेच अडतात.

किरणोत्सर्गाचे नाव काढले की लोक दोन-तीन गोष्टींची आठवण देतात. मादाम क्यूरी त्यातच गेल्या; दिल्लीला मायापुरीत भंगारवाल्यांचे काय झाले; ब्राझीलमध्ये काय झाले. या घटना खऱ्या आहेत. त्या नीट पाहाव्यात एवढेच माझे म्हणणे. मारी क्यूरी १९३४ मध्ये अप्लास्टिक ॲनिमियाने वारल्या. त्यांनी रेडियम उघड्या हातांनी हाताळले, पहिल्या महायुद्धात एक्स-रेच्या गाड्या चालवल्या आणि हे सगळे अशा काळात केले, जेव्हा माणसाने किती किरण घ्यावेत याची कोणतीही मान्य मर्यादा नव्हती. किरणसंरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय समितीने पहिली मर्यादा सुचवली ती त्याच १९३४ साली. म्हणजे क्यूरींचे सारे काम मर्यादेच्या आधीच्या जगात झाले. त्यांचे उदाहरण मापाशिवाय काम केल्याने काय होते ते सांगते, मापाने काम करणाऱ्याबद्दल ते काही सांगत नाही.

मायापुरीचे प्रकरण २०१० चे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात वर्षानुवर्षे वापराविना पडलेले कोबाल्ट-६० चे एक उपकरण भंगारात लिलाव झाले, भंगारवाल्यांनी ते फोडले, अनेकांना इजा झाली आणि एकाचा जीव गेला. ब्राझीलमधील गोयानियात १९८७ मध्ये बंद पडलेल्या उपचारकेंद्रातून सीझियम-१३७ चे यंत्र लोकांनी उचलून नेले. चार जण दगावले. या दोन्ही घटनांत न्यूक्लिअर मेडिसिनचा विभाग कुठेच नव्हता. दोन्हीकडे जी मूलद्रव्ये होती त्यांचे अर्धायुष्य वर्षांत मोजतात. कोबाल्ट-६० निम्मे व्हायला सव्वापाच वर्षे लागतात, सीझियम-१३७ ला तीस. न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये रोज सर्वाधिक वापरले जाते ते टेक्निशियम-९९एम, आणि ते सहा तासांत निम्मे होते. सकाळी सहाला २० मिलिक्युरी असेल तर दुपारी बाराला १०, संध्याकाळी सहाला ५. अडीच दिवसांत त्याचा हजारावा भागही धड उरत नाही. पेट स्कॅनसाठी लागणारे फ्लोरिन-१८ तर ११० मिनिटांत निम्मे होते. थायरॉइडवर वापरतात त्या आयोडिन-१३१ ला आठ दिवस लागतात, म्हणून त्याची काळजी अधिक घ्यावी लागते आणि घेतली जाते. ज्याला हा फरक कळत नाही त्याला 'किरणोत्सर्ग' ही एकच अखंड भयंकर वस्तू वाटते. ज्याला कळतो त्याला प्रत्येक समस्थानिकाचा स्वभाव वेगळा दिसतो. विद्यापीठात पहिल्या वर्षी शिकवतात ते हेच.

मर्यादा काय आहेत तेही सांगतो, कारण घरात वाद घालताना आकड्यांइतके दुसरे काही उपयोगी पडत नाही. अणुऊर्जा नियामक मंडळ, ज्याला सगळे एईआरबी म्हणतात, १९८३ मध्ये स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय आपल्याच मुंबईत, अणुशक्तीनगरला आहे. किरणोत्सारी काम करणाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (किरणांच्या मात्रेचे एकक) आणि कोणत्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही, ही त्याने घालून दिलेली मर्यादा आहे. पाच वर्षांची बेरीज १०० च्या पुढे जाता कामा नये. तुलनेसाठी, जमीन, हवा, अन्न आणि आकाशातून येणाऱ्या नैसर्गिक किरणांचे जागतिक सरासरी प्रमाण वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट आहे. न्यूक्लिअर मेडिसिनच्या नीट चालणाऱ्या विभागात टेक्नॉलॉजिस्टच्या शरीराला वर्षभरात मिळणारी मात्रा २० च्या बरीच खाली राहते.

मूल न होण्याची भीती तर आकड्यांपुढे टिकतच नाही. पुरुषांत तात्पुरते वंध्यत्व येण्यासाठी अंडकोषांना एका दमात सुमारे १५० मिलिग्रे मात्रा लागते. कायमचे यायला साडेतीन ग्रे किंवा अधिक. स्त्रियांत कायमच्या वंध्यत्वाचा उंबरठा अडीच ग्रेच्या आसपास सुरू होतो. एक ग्रे म्हणजे हजार मिलिग्रे, आणि या कामातल्या गॅमा किरणांसाठी एक मिलिग्रे म्हणजे एक मिलिसिव्हर्टच धरतात. म्हणजे कायद्याने परवानगी असलेली पाच वर्षांची संपूर्ण मात्रा, जी प्रत्यक्षात बहुतेकांना मिळतही नाही आणि जी हळूहळू विखरून मिळते, ती पुरुषाच्या तात्पुरत्या वंध्यत्वाच्या उंबरठ्याच्याही खाली आहे. स्त्रीच्या उंबरठ्याच्या तर पंचविसाव्या भागाइतकीच. 'पुढच्या पिढीवर परिणाम होतो' हे आणखी एक वाक्य नेहमी फेकले जाते. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्या माणसांना, ज्यांना क्षणात मोठी मात्रा मिळाली त्यांना, पुढे झालेल्या मुलांचा अभ्यास दशकानुदशके झाला आहे आणि त्या मुलांत आनुवंशिक विकृतींचे वाढीव प्रमाण दिसलेले नाही. ज्या मुलीचे लग्न या कारणाने अडेल, तिने ते अडवणाऱ्या घरालाच हे आकडे विचारावेत.

आता जे खरे आहे ते झाकणार नाही. किरणोत्सर्गाचा धोका शून्य नसतो. थोड्या मात्रेचाही थोडा धोका धरूनच सारे नियम आखलेले आहेत. बोटांना मिळणारी मात्रा शरीरापेक्षा कितीतरी जास्त असते, कारण सिरिंज बोटांतच असते. म्हणून सिरिंजवर टंगस्टनचे कवच लावतात आणि बोटात अंगठीसारखा वेगळा मापक घालतात. पेटचे काम करणाऱ्याला टेक्निशियमवर काम करणाऱ्यापेक्षा अधिक सावध राहावे लागते. फ्लोरिन-१८ मुळे सुटणारे किरण ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे असतात आणि एक्स-रे विभागातला अर्धा मिलिमीटर शिशाचा एप्रन त्यांना जवळजवळ अडवत नाही. ते निम्मे करायलाच चार-पाच मिलिमीटर शिसे लागते. 'एप्रन घाल की झाले' म्हणणारे काकाही चुकतात आणि 'एप्रनही वाचवत नाही' म्हणून घाबरवणारी आत्याही चुकते. तिथे वाचवते ते अंतर आणि वेळ. एक मीटरवरून दोन मीटरवर गेले की मात्रा चौथाईवर येते. गर्भवती स्त्रीसाठी नियम वेगळा आहे. गर्भ राहिल्याचे तिने लवकर कळवायचे असते आणि त्यानंतर गर्भाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मिळणार नाही असे काम तिला द्यायचे असते. म्हणजे या क्षेत्राने स्त्रीला दाराबाहेर ठेवलेले नाही. तिच्यासाठी हिशोब करून ठेवला आहे.

आणि हिशोब खराच ठेवला जातो. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या छातीवर टीएलडी बॅज असतो. त्यात डिस्प्रोसियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या असतात. त्या किरणांची ऊर्जा साठवून ठेवतात आणि तापवल्या की त्या प्रमाणात प्रकाश देतात. दर तिमाहीला बॅज मोजणीला जातो. ती नोंद भाभा अणुसंशोधन केंद्राच्या राष्ट्रीय नोंदवहीत त्या व्यक्तीच्या क्रमांकावर जमा होते. नोकरी बदलली, शहर बदलले तरी क्रमांक बदलत नाही. मात्रा जास्त निघाली तर कारण विचारले जाते.

हे मी आवर्जून सांगतो, कारण आपण राहतो ते गाव उल्हासनगर आहे. आमच्याच कॅम्प ४ आणि ५ मध्ये जीन्स वॉशचे कारखाने वर्षानुवर्षे चालले. ब्लीच, कॉस्टिक, परमँगनेटची फवारणी, ओल्या जमिनीवर अनवाणी उभी असलेली मुले. वालधुनी नदीचे पाणी त्या त्या दिवशीच्या रंगाचे व्हायचे. २०१४ मध्ये वालधुनीच्या पात्रात कुणीतरी रसायन सोडले आणि वडोलगाव परिसरातल्या शेकडो लोकांना त्रास होऊन रुग्णालयात न्यावे लागले. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणावर वनशक्ती संस्थेला राष्ट्रीय हरित लवादाकडे जावे लागले. अंबरनाथ आणि बदलापूरच्या एमआयडीसीतल्या रसायनांच्या कारखान्यांत या भागातली किती माणसे रात्रपाळी करतात ते प्रत्येक घराला ठाऊक आहे. त्या माणसांच्या छातीवर कुठला बॅज आहे? किती वाफ फुप्फुसात गेली याची नोंद कुठल्या राष्ट्रीय वहीत, कुणाच्या क्रमांकावर आहे? मुलगा तिथे लागला तर पेढे वाटले जातात आणि मुलगी जिथे प्रत्येक तिमाहीला शरीराची मात्रा लिहून ठेवतात तिथे शिकायला निघाली तर घर अडवते. मोजलेला धोका दिसतो म्हणून त्याची भीती वाटते. न मोजलेला दिसत नाही म्हणून तो नाहीच असे आपण धरून चालतो. शरीराच्या आक्षेपाचे मूळ मला इथे दिसते, आणि ते उपटणे गरजेचे आहे.

दुसरा आक्षेप बटणाचा. त्याचे खंडन करायला विभागातली एक सकाळ पुरेशी आहे.

हॉट लॅबमध्ये शिशाच्या आवरणात एक जनरेटर ठेवलेला असतो. आत ॲल्युमिनाच्या स्तंभाला मॉलिब्डेनम-९९ चिकटलेले असते. ६६ तासांत ते निम्मे होते आणि त्यातून सतत टेक्निशियम तयार होत राहते. सकाळी त्यातून निर्जंतुक सलाइन ओढले की टेक्निशियम सलाइनबरोबर उतरते आणि मॉलिब्डेनम मागे राहते. जगभरचे कर्मचारी याला दूध काढणेच म्हणतात, आणि गायीसारखेच पुढच्या दुधाला वेळ द्यावा लागतो. काढलेले टेक्निशियम डोस कॅलिब्रेटरमध्ये मोजायचे. पण त्याआधी एक प्रश्न असतो: मॉलिब्डेनम खरेच मागे राहिले का? टेक्निशियमच्या प्रत्येक मेगाबेकरेलमागे मॉलिब्डेनम ०.१५ किलोबेकरेलपेक्षा जास्त आले, तर ते द्रव्य रुग्णाला देता येत नाही. ही तपासणी टेक्नॉलॉजिस्ट करतो. चुकली तर रुग्णाला विनाकारण मात्रा मिळते आणि स्कॅनमध्ये ते दिसतही नाही.

मग टेक्निशियम ज्यांत मिसळतात त्या औषधांची किट. हाडांच्या स्कॅनसाठी एमडीपी, हृदयासाठी सेस्टामिबी. एमडीपी साध्या तापमानाला बनते, सेस्टामिबी उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवावी लागते. कुपीत हवा शिरली की आतले स्टॅनस आयन खराब होतात, टेक्निशियम औषधाला बांधले जात नाही आणि मोकळे फिरते. हे मोकळे टेक्निशियम थायरॉइड, लाळग्रंथी आणि जठरात जाऊन बसते. म्हणजे हाडांच्या स्कॅनमध्ये गळा आणि पोट उजळून दिसले, तर आजाराचा विचार करण्याआधी कुपीचा विचार करावा लागतो. हे ओळखण्यासाठी रसायनशास्त्र यावे लागते. पट्टीवर क्रोमॅटोग्राफी करून किती टक्के द्रव्य बांधले गेले ते पाहावे लागते. बटण यात कुठे आले?

शरीरातून येणारे किरण टिपून चित्र काढणारा गॅमा कॅमेरा हॅल अँगरने १९५० च्या दशकाच्या शेवटी बनवला. त्या कॅमेऱ्याचा स्फटिक आणि त्यामागच्या नळ्या रोज सारख्या वागतात का हे सकाळी तपासावे लागते. एक नळी बिघडली तर चित्रात डाग पडतो आणि तो डाग एखाद्याच्या यकृतात गाठ म्हणून वाचला जाऊ शकतो. इंजेक्शन शिरेबाहेर थोडे सांडले तर दंडात तेज दिसते आणि काखेतल्या लसिकाग्रंथी उजळतात. स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णाच्या काखेत उजळलेली ग्रंथी म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. कोणत्या हाताला सुई टोचली आणि ती नीट गेली का, हे लिहून ठेवणारा टेक्नॉलॉजिस्टच असतो. त्याची नोंद नसेल तर डॉक्टर आजार पसरला असे लिहू शकतो.

पेटमध्ये आणखी बारकावे. ग्लुकोजसारखे एफडीजी शरीरात सोडतात, म्हणून आधी रक्तातली साखर पाहावी लागते. मधुमेही रुग्णाने नुकतेच इन्शुलिन घेतले असेल तर द्रव्य गाठीऐवजी स्नायूंत जाते. वाट पाहताना रुग्ण बोलत बसला, काही चघळत राहिला तर जबड्याचे आणि घशाचे स्नायू उजळतात. खोली फार गार असेल तर मानेतली तपकिरी चरबी पेटते आणि तिथे गाठ असल्याचा भास होतो. मग त्या रुग्णाला नीट झोपवणे, पांघरूण देणे, शांत ठेवणे हेही विज्ञानाचेच काम ठरते. हे बाहेरच्यांना नर्सगिरी वाटते, मला त्यात शरीरविज्ञान दिसते. आणि हे सगळे घड्याळाशी बांधलेले. सकाळी आठला १० मिलिक्युरी असलेले द्रव्य दहाला दहा कमी असताना पाचच राहते. रुग्ण उशिरा आला, आधीचा स्कॅन लांबला की प्रत्येकाची मात्रा नव्याने काढावी लागते. डॉक्टरचा अहवाल चित्रावर उभा असतो, आणि चित्र या सगळ्यावर. ज्याला हे नुसते बटण वाटते त्याने विभागात काय चालते ते पाहिलेले नाही.

आयोडिन-१३१ च्या उपचारांचा तर वेगळाच संसार आहे. थायरॉइडच्या कॅन्सरच्या रुग्णाला मोठी मात्रा दिली की त्याला वेगळ्या खोलीत ठेवतात. त्या खोलीचे सांडपाणी थेट गटारात सोडत नाहीत, टाक्यांत साठवून पुरेसे क्षीण झाल्यावरच सोडतात. रुग्ण घरी जाताना लहान मुलांपासून, गर्भवती सुनेपासून किती दिवस आणि किती अंतर ठेवायचे, हे त्याच्या भाषेत त्याला समजावून सांगावे लागते. सांडपाण्याची इतकी चाड वालधुनीच्या काठी राहणाऱ्याला विशेष जाणवावी.

तिसरा आक्षेप विद्यापीठाचा. हाताखाली राहून शिकता येत नाही का? काही हालचाली येतात. पण कुपीत हवा शिरली की गळा का उजळतो, हे हाताखाली राहून दहा वर्षांतही कदाचित कळणार नाही, कारण बरोबरच्या सर्वांनी ते नशिबावर सोडलेले असू शकते. नियमही तसेच आहेत. अणुऊर्जा कायदा १९६२ मध्ये आला, किरणोत्सर्ग संरक्षणाचे नियम २००४ मध्ये. न्यूक्लिअर मेडिसिनचा विभाग चालवायचा तर मान्य पात्रतेचा टेक्नॉलॉजिस्ट आणि किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी असावाच लागतो. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्याने न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्टला व्यवसाय म्हणून स्वतंत्र नावाने स्थान दिले आहे. सहा महिन्यांत, वर्षात 'रेडिओलॉजी आणि न्यूक्लिअर' शिकवतो म्हणणाऱ्या जाहिराती यामुळेच धोकादायक आहेत. त्या घरातले पैसे घेतात, वर्ष घेतात आणि हाती असा कागद देतात जो परवाना देणाऱ्यापुढे चालत नाही. माझ्या मते घरच्यांची माया खरोखर जिथे कामी यावी ते ठिकाण हे आहे. किरणांपासून मुलीला वाचवण्याची धडपड करण्यापेक्षा अशा कागदापासून तिला वाचवावे.

ज्यांना वाटते की हे शिक्षण आपल्या वाटेला यायचे नाही, त्यांनी परळकडे पाहावे. भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून परळला, टाटा रुग्णालयाच्या आवारालगत आहे. देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि पहिला पेट स्कॅनर तिथेच २००२ मध्ये सुरू झाला. किरणोत्सारी समस्थानिकांच्या वैद्यकीय वापराची पदविका, जिला सगळे डीएमआरआयटी म्हणून ओळखतात, तिथे वर्षानुवर्षे शिकवली गेली आणि देशभरच्या विभागांत त्या पदविकेची माणसे भेटतात. टाटा मेमोरियल सेंटरमध्ये होमी भाभा राष्ट्रीय संस्थेच्या छत्राखाली या विषयाची एम.एस्सी. करता येते. आपल्याकडची द्रव्येही बरीचशी जवळचीच आहेत: ट्रॉम्बेतली ध्रुव अणुभट्टी १९८५ पासून चालू आहे, तिच्यातून आयोडिन-१३१ सारखी समस्थानिके येतात आणि वाशीच्या ब्रिट या संस्थेतून ती रुग्णालयांपर्यंत जातात. विठ्ठलवाडीला लोकल पकडणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हे सारे एका दिवसात जाऊन-येऊन करण्याच्या टप्प्यात आहे. देशाच्या दुसऱ्या टोकाचा विद्यार्थी ज्यासाठी घर सोडून मुंबईत खोली शोधतो, ते आपल्या लोकलच्या वाटेवर आहे. चांदीबाई कॉलेजात फिजिक्स किंवा केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. करणाऱ्याला यासाठी वेगळी वाट शोधावी लागत नाही. पाया तोच आहे.

'डॉक्टर होता आले नाही म्हणून' हा शेरा मला विशेष खटकतो, आणि त्यावर फार लिहीत नाही. टेक्निशियम पहिल्यांदा सापडले १९३७ मध्ये, पालेर्मोत, सेग्रे आणि पेरिये यांना. त्यांपैकी सेग्रे भौतिकशास्त्रज्ञ आणि पेरिये खनिजशास्त्रज्ञ. शरीरातून जाणाऱ्या किरणोत्सारी खुणेची कल्पना हेवेशी या रसायनशास्त्रज्ञाची. रुग्णाला किरणोत्सारी आयोडिन देण्याचा पहिला उपचार १९४१ मध्ये सॉल हर्ट्झ या डॉक्टरने बोस्टनला केला, तोही भौतिकशास्त्रज्ञांच्या मदतीने. या विषयाचा जन्मच भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि वैद्यक यांच्या भेटीतून झाला. त्यात टेक्नॉलॉजिस्टची खुर्ची डॉक्टरच्या खुर्चीतून उरलेली नाही, ती आरंभापासून स्वतंत्र आहे.

नोकरीबद्दल खोटी आशा दाखवणार नाही. असे विभाग मोजके आहेत आणि बहुतेक मोठ्या शहरांत आहेत. अंबरनाथच्या घरातून परळ, खारघर किंवा पुण्याला रोजचा प्रवास किंवा स्थलांतर धरूनच हा मार्ग घ्यावा लागतो. सुरुवातीचा पगार डॉक्टरच्या तोडीचा नसतो. ज्याला गणित आवडत नाही, रोज त्याच चाचण्या तितक्याच काटेकोरपणे करायचा कंटाळा येतो, त्याने दुसरा विषय घ्यावा. इथे कंटाळा रुग्णाला महागात पडतो. पण पात्र माणसाशिवाय विभागाला परवाना नाही, ही अट त्या मुलीच्या पदवीला जे वजन देते, ते पुष्कळ पदव्यांच्या वाट्याला येत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये अंबरनाथच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. आपल्या भागात वैद्यकाचे शिक्षण येऊन ठेपले आहे. उद्या तिथे गॅमा कॅमेरा मागायचा असेल तर तो चालवणारी माणसे याच भागातली का असू नयेत?

म्हणून कॅम्प ४ मधल्या, अंबरनाथ-बदलापूरच्या पालकांना विनंती आहे. मुलगी हा विषय म्हणाली तर तिला आधी 'किती मिलिसिव्हर्ट' हे विचारा आणि तिच्याकडून उत्तर शिकून घ्या. संस्थेत जाऊन विचारा की ही पात्रता एईआरबी मान्य करते का, प्रशिक्षण प्रत्यक्ष चालू विभागात होते का, विद्यार्थ्यांना टीएलडी बॅज मिळतो का. तिन्हींचे उत्तर लेखी 'हो' मिळाले तर अर्जावर सही करा. नाही मिळाले तर तिथला प्रवेश घेऊ नका, पण विषय सोडायला लावू नका. दुसरी संस्था शोधा.